पिवळा गट

त्रिदल योजना आली तेव्हा आजऱ्याच्या नार्वेकर काजू कारखान्यात सगळ्यांत आधी बदललं ते बायकांचं हसणं.

त्याआधी तिथं कुणी तोंड उघडून हसत नसे. वर्षानुवर्षं मिश्री लावून काळे पडलेले, किडलेले, पडलेले दात लपवायला हसू आलं की पदर तोंडावर जायचा. प्रतवारीच्या टेबलावर बसणाऱ्या उज्ज्वला होडगेचे पुढचे दोन दात चाळिशीतच गेले होते. तिच्या शेजारच्या मार्था बारदेस्करच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. पांढरा गर कुठला आणि तांबूस कुठला, हे ती उज्ज्वलाला हळूच विचारून घ्यायची. आणि संगीता गुरव तर स्वतःच म्हणायची, "माझ्या तोंडात दातांपेक्षा जागाच जास्त हाय."

मोठ्या कारखान्यांत प्रतवारीचं काम केव्हाच कॅमेऱ्यांनी घेतलं होतं. इथं अजून माणसांचे डोळे होते. मालक सुहास नार्वेकर धरून सगळी मिळून बारा माणसं, म्हणजे सुहास आणि अकरा बायका. अशा ठिकाणी विमा कोण देणार? हजारो कामगारांच्या कंपनीत पाचपन्नास जण आजारी पडले तरी बाकीच्यांच्या धडधाकट तब्येतीवर ते निभावून जातं. बारा जणांत एकीचं हृदय बिघडलं की विमा कंपनीचं सगळं गणित कोसळतं. म्हणून छोट्या धंद्यांच्या दारात विमावाले फिरकत नसत. फिरकले तरी त्यांच्या विम्यात दात नसायचे, डोळे नसायचे. जणू ते शरीराचे भाग नव्हेत, हौसेच्या वस्तू होत.

त्रिदलने दात, डोळे आणि बाकीचं शरीर एकाच विम्यात बांधलं, आणि तेही फक्त छोट्या धंद्यांसाठी. वर्षभरात उज्ज्वलाचे दोन दात आले, संगीताचा वरचा जबडा पूर्ण झाला, सगळ्यांना नवे चष्मे मिळाले; मार्थाच्या ऑपरेशनची तारीख तेवढी लागायची होती. संगीता वाटेल तिथं, वाटेल त्या कारणानं हसत सुटली. कारखान्याच्या माळावर बांधलेली शेजारच्यांची म्हैससुद्धा दचकायची.

हे कंपनीला परवडत कसं होतं, ते कंपनीचे अधिकारी कर्णिक यांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. लपवाछपवी नव्हती. प्रत्येकाच्या एका दातावर बसवलेल्या कॅपच्या आत तांदळाच्या कणीहून लहान असा एक सेन्सर होता. लाळ ही रक्तातूनच गाळून येते. रक्तात जे वाढतं, त्याची पुसटशी चव लाळेत उतरते. साखर असो, युरिया असो, नाहीतर शरीरात कुठं धुमसणारी सूज असो, सेन्सर ती चव टिपत राहायचा. चष्म्याच्या काडीत दुसरं यंत्र होतं. डोळ्याचा पडदा ही शरीरातली एकच जागा अशी, की जिथल्या रक्तवाहिन्या कुठं न कापता सरळ बघता येतात. मूत्रपिंडातल्या, मेंदूतल्या बारीक वाहिन्या त्याच जातीच्या. तिथं जे बिघडायला लागतं, त्याची खूण डोळ्यात आधी उमटते. नुसत्या दातावरून काढलेला अंदाज कच्चा, नुसत्या डोळ्यावरूनही कच्चा. पण दोन्ही जोडले, त्यात वर्षाची रक्ततपासणी घातली, की कंपनीचा संगणक कुणाला कुठला मोठा आजार होणार हे काही वर्षं आधीच सांगू शकत होता. तीन पानं एका देठावर आल्याशिवाय हे साधत नव्हतं. म्हणून तर नाव त्रिदल.

"पण घाबरू नका," कर्णिक म्हणाले होते. "कायद्यानं कुणाचंही नाव आम्हाला कळत नाही, मालकांनाही कळत नाही. संगणक फक्त गटाचा रंग सांगतो."

त्या रंगासाठी कारखान्याच्या दाराशी एक पेटी बसवली होती. तिच्यात छोटासा दिवा. हिरवा म्हणजे गट ठीक. पिवळा म्हणजे गटातल्या कुणालातरी येत्या काही वर्षांत मोठा आजार होणार. मार्चअखेर नूतनीकरण. त्या दिवशी दिवा पिवळा असला तर योजना बंद.

संक्रांत झाली आणि दिवा पिवळा झाला.

* * *

पहिले काही दिवस काम नेहमीसारखं चाललं. मग सगळ्याच एकमेकींकडे बघायला लागल्या.

चहात साखर कोण किती घेतं, जिना चढताना कुणाला धाप लागते, मोरीकडे कोण किती वेळा जातं, याच्या नोंदी डोळ्यांनी व्हायला लागल्या. हिरा नावाची एक तरुण बाई सर्दी झाली तरी खोकला दाबून धरायची. ज्या बायका एकमेकींच्या डब्यातली भाजी न विचारता उचलत, त्या आपापला डबा घेऊन वेगळ्या बसू लागल्या. कंपनीनं नाव झाकून ठेवलं होतं आणि त्या झाकलेल्या नावाखाली सगळ्याच जणी सापडल्या होत्या.

संगीताचा खालचा जबडा फेब्रुवारीत सुरू व्हायचा होता. गट पिवळा झाल्यावर दातांच्या डॉक्टरांनी काम नूतनीकरणानंतर करू, म्हणून पुढं ढकललं. संगीताचं हसणं बंद झालं ते झालंच, वर तिची जीभ सुटली.

"ज्या कुणाला आतून कळतंय, तिनं आपणहून बाजूला व्हावं," ती एका दुपारी टेबलाच्या टोकाकडून म्हणाली. "बाकीच्यांचं वाटोळं कशाला?"

बोलताना तिची नजर मार्थाकडे होती. मार्थाच्या हातून त्या दिवशी गरांची परात निसटली होती.

"मार्थाचा डोळा अधू हाय. तिला काय बी झालेलं न्हाई," उज्ज्वला म्हणाली.

"तुला काय म्हायती? तू डॉक्टर हायस?"

"आणि तू काय हायस?"

मार्था खाली पडलेले गर एकेक करून वेचत राहिली. घरी परतताना मात्र तिनं उज्ज्वलाचा दंड धरला. दोघी एकाच गल्लीत राहायच्या, लग्न होऊन आल्यापासून एकाच वाटेनं कामाला जायच्या.

"उज्जे, मीच असंन का गं?"

"गप बस," उज्ज्वला म्हणाली. पण तिच्याही मनात तेच होतं. मार्थाचा चेहरा हल्ली ओढलेला दिसायचा. उद्या खरंच मार्थाचं नाव निघालं तर तिला काय सांगायचं, याची वाक्यं उज्ज्वला स्वयंपाक करताना मनात जुळवायची.

* * *

त्याच सुमाराला सुहासनं दोन पाळ्या सुरू केल्या. सकाळी सहा माणसं, दुपारी सहा. माल वाढलाय, जागा पुरत नाही, असं त्यानं कारण दिलं. स्वतः तो सकाळच्या पाळीत होता.

माल वाढलेला नव्हता. टेबलावर येणारे गर उज्ज्वलाला दिसत होते. दाराशी मात्र एक बदल झाला होता. पेटीत आता दोन दिवे लागत. सकाळच्या पाळीचा हिरवा, दुपारच्या पाळीचा पिवळा.

उज्ज्वला, मार्था आणि संगीता दुपारच्या पाळीत होत्या, हिरा आणि आणखी दोघी त्यांच्याबरोबर. आठवड्यानं सुहासनं हिरा आणि त्या दोघींना सकाळी नेलं आणि सकाळच्या तिघींना दुपारी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दिवे बघायला उज्ज्वला मुद्दाम लवकर आली. सकाळचा हिरवाच. दुपारचा पिवळाच.

ती पेटीसमोर उभी राहिली. गर चाळणीवर टाकायचे, खाली पडले ते बाजूला काढायचे, राहिले ते पुन्हा चाळायचे. हेच चाललं होतं. हिरा हिरवी होती. ज्या कुणी सकाळी बसून आल्या होत्या त्या सगळ्या हिरव्या होत्या. चाळणीवर आता तिघीच उरल्या होत्या.

ती सरळ सुहासच्या केबिनमध्ये गेली.

"दादा, पुढची पाळी कशी लावणार? मला काढणार, का मार्थाला, का संगीताला?"

सुहासनं फोन खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. वडिलांच्या माघारी त्यानं हा कारखाना बंद पडू दिला नव्हता, आणि बायकांना अडीअडचणीला नाही म्हणणं त्याला जमत नसे. ओशाळून तो टेबलाकडे बघत राहिला.

"तुम्हाला कळलं तर."

"कुणी शिकवलं हे?"

"कर्णिकसाहेब. म्हणजे त्यांनी शिकवलं नाही. एवढंच म्हणाले, की छोट्या धंद्यात पाळ्या करून बघाव्यात, बऱ्याच गोष्टी उलगडतात. तीनपेक्षा लहान गट संगणक घेत नाही. पण हिरव्या माणसांबरोबर एकेकीला बसवलं की..."

"की नाव कळतंय."

"हो."

"आणि कळल्यावर? काय करणार होता?"

"चांगल्या शब्दांत सांगितलं असतं, उज्जाक्का. काहीतरी हातात देऊन निरोप दिला असता. बाकीच्या अकरा जणांचा विचार मला करायला नको?"

"निरोप द्यायच्या आधी तिला सांगितलं असतं? की बाई, तुला आजार व्हायलाय म्हणून?"

"ते सांगता येत नाही. कायद्यानं."

उज्ज्वला म्हणाली, "म्हंजे जिला आजार हाय, तिला सोडून सगळ्यांना कळणार. आता तुम्ही एकट्यानं चाळणी लावायची न्हाई. लावायचीच असंल तर आमी लावतो, सगळ्यांच्या म्होरं. आणि ते निरोप द्यायला न्हाई."

* * *

दोन्ही पाळ्या तिनं एकत्र बोलावल्या. पाळ्यांचा खेळ काय होता, ते तिनं स्पष्ट सांगितलं. बायकांनी सुहासकडे असं बघितलं, की तो उठून खिडकीजवळ जाऊन उभा राहिला.

"तर राहिलो आमी तिघी," उज्ज्वला म्हणाली. "आमच्यातल्या एकीला काहीतरी व्हायलाय. ते आत्ता कळलं तर दवाखान्यात जाता येतंय. पण जिला कळून घ्यायचं न्हाई, तिला कुणी जबरदस्ती करायची न्हाई."

"मला नको," मार्था पटकन म्हणाली. "देवाला म्हायती हाय, तेवढं बास."

संगीताचे ओठ घट्ट मिटलेले होते. इतके दिवस मार्थाकडे बोट दाखवताना आपणही त्या बोटाच्या टप्प्यात आहोत, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"मग पहिल्यांदा मी बसतो," उज्ज्वला म्हणाली. "हिरा आणि सकाळची एक, माझ्याबरोबर. बाकीचे सगळे दुसऱ्या गटात. माझा गट हिरवा निघाला तर पुढचं पुढं बघू."

सुहासनं सगळ्यांच्या समोर फोनवरून गटांची नोंद केली.

सकाळी सगळ्या पेटीसमोर जमल्या होत्या. उज्ज्वला पोचली तशी गर्दी दुभंगली, आणि त्या दुभंगण्यातूनच तिला कळलं. मोठा गट हिरवा होता. तिच्या गटाचा दिवा पिवळा होता.

मार्थासाठी जुळवून ठेवलेलं एकही वाक्य तिला आठवेना. स्वतःसाठी तर तिनं वाक्य जुळवलंच नव्हतं. ती आत गेली, जागेवर बसली आणि समोरच्या परातीतले गर निवडायला लागली. पांढरा, तांबूस, पाकळी, तुकडा. हात आपले चालत होते. मार्था शेजारी येऊन बसली आणि तिनं आपला हात उज्ज्वलाच्या मांडीवर ठेवला. दुपारपर्यंत तो हलवला नाही. एका हातानं जेवढं निवडता येईल तेवढं निवडत राहिली.

दुपारी संगीता आली. उभ्याउभ्याच बोलली.

"म्हंजे आता तू न्हाईस तर सगळं हिरवं."

"व्हय."

"मग काय ठरवलंस?"

उज्ज्वलानं वर बघितलं. आदल्या रात्रीपर्यंत तिला वाटायचं, असं काही झालंच तर आपण मान खाली घालून निघून जाऊ. लोक चांगलं म्हणतील. तिचा नवरा महादेव एसटीत चालक होता. सकाळी फोनवर कळल्यावर तोही तेच म्हणाला होता, सोड काम, आपल्यापायी त्या बायकांचं नको. पण आता संगीता समोर उभी राहिली, आणि उज्ज्वलाच्या मनातलं ते सगळं शहाणपण संतापानं पेटून उठलं.

"मी जाणार न्हाई."

"आणि माझं तोंड असंच अर्धं राहू दे?"

"तुझं तोंड पुरं व्हायलाच पायजे. आणि मला बी इलाज मिळायला पायजे. ह्यातलं एकच घ्या, असं तुला कुणी सांगितलं? त्यांनीच न्हवं? माझ्या अंगात काय चाललंय ते त्यांच्या मशिनला कळलंय. त्याच्यावर आपल्याला घालवायचं का ठेवायचं ते ठरतंय. मग त्याच्यावर औषध का ठरत न्हाई?"

संगीता तिच्याकडे बघत राहिली. मग परत गेली. पण संध्याकाळी सुहासच्या केबिनमधून तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "कोल्हापूरला गाडी कधी न्हेणार, ते सांगा आधी!"

* * *

कंपनीचं कोल्हापूरचं ऑफिस काचेच्या इमारतीत होतं. भाड्याच्या गाडीतून अकराही बायका उतरल्या. सुहास मागून आला. एवढ्या लोकांसाठी खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे कर्णिक आणि त्यांच्या बरोबरच्या तरुण डॉक्टर आगाशे यांनाही उभंच राहावं लागलं.

कर्णिकांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या बोलण्यात कुठंही उर्मटपणा नव्हता, आणि त्याचाच उज्ज्वलाला जास्त राग येत होता.

"ताई, मी समजू शकतो. पण हे निदान नाही. ही संभाव्यता आहे. तुम्हाला आज कुठलाही आजार झालेला नाही. जो झालाच नाही, त्याच्या उपचारांना मंजुरी कशी देणार?"

"जो झालाच न्हाई, त्याच्यासाठी योजना बंद कशी करता?"

"ते जोखमीचं मूल्यमापन आहे. दोन वेगळे विभाग आहेत."

"माझं अंग एकच हाय, साहेब. दात, डोळे आणि अंग एक करून तुम्हीच बांधलं. तवा विभाग न्हवते. माझं बिघडणार हे तुमाला कळलं, ते तुमाला वाचवायच्या कामाला आलं. मला वाचवायच्या कामाला का येत न्हाई? जे खरं मानून तुम्ही दिवा लावता, तेच खरं मानून गोळी द्या. न्हाईतर दिवा काढा."

कर्णिक काही म्हणणार, एवढ्यात संगीता पुढं आली आणि त्यांच्यासमोर तोंड उघडून उभी राहिली. वर पांढरीशुभ्र रांग, खाली उघड्या हिरड्या.

"बघा नीट," ती म्हणाली. "वरचं तुमचं, खालचं माझं. हिला काढली की खालचं बी देतो, असं तुमचं म्हणणं न्हवं? न्हाई घेत जावा."

कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. ते हसणं जिन्यापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण दोन पहारेकरी वर आले.

बाहेर पडताना डॉक्टर आगाशे उज्ज्वलाच्या बरोबरीनं चालायला लागल्या. कॉरिडॉरच्या वळणावर त्या थांबल्या.

"मला तुम्हाला काही सांगायची परवानगी नाही," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "आणि तुमचं नाव घालून मी काही बघूही शकत नाही. पण डॉक्टर म्हणून विचारू तर शकते. संध्याकाळी पायांवर सूज येते?"

"येते. उभ्यानं काम असतंय म्हणून."

"तुमचं काम बसून आहे ना?"

उज्ज्वलानं खाली आपल्या पावलांकडे बघितलं.

"लघवी आणि रक्त तपासून घ्या. या आठवड्यातच. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे." एवढं बोलून त्या वळून गेल्या.

* * *

सरकारी दवाखान्यातला मूत्रपिंडाचा डॉक्टर अहवाल बघून म्हणाला, "इतक्या लवकर आमच्याकडे कुणी येत नाही. येतात तेव्हा डायलिसिसच्या मशीनवर घ्यावं लागतं. तुम्ही कशा आलात?" उज्ज्वलानं सांगितलं. त्यानं आधी विश्वास ठेवला नाही. मग तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मूत्रपिंडाला नुकतीच झळ लागली होती. रक्तदाबाच्या गोळ्या, मीठ कमी, दर तीन महिन्यांनी तपासणी. पाळलं तर म्हातारपणापर्यंत निभेल, असं तो म्हणाला.

आजऱ्याला परत आल्यावर तिनं हे आधी मार्थाला सांगितलं, मग टेबलावर सगळ्यांना. टेबलावरून ते गावात गेलं. कारखान्याच्या पाठीमागे एक बेकरी होती, तिथलाही दिवा पिवळा होता. बेकरीतल्या माणसांनी हिराला विचारून पाळ्या लावल्या आणि तिसऱ्या दिवशी भट्टीवरच्या माणसाची सगळी तपासणी करून ते त्याला हृदयाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मग गावातल्या एका छापखान्यानंही तेच केलं.

त्यानंतर कर्णिक स्वतः आजऱ्याला आले. सुहासच्या केबिनमध्ये त्यांनी उज्ज्वलाला एकटीला बोलावलं.

"कंपनीनं तुमच्या प्रकरणाचा सहानुभूतीनं विचार केलाय," ते म्हणाले. "तुमचे सगळे उपचार खासगी रुग्णालयात, आमच्याकडून. तुमच्या कारखान्याची योजना चालू राहील. संगीताबाईंचे दात, मार्थाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं. फक्त एक करायचं. गट पाडून नाव काढण्याबद्दल बाहेर कुठं बोलायचं नाही. तुमची सही आणि मालकांची सही."

"आणि बेकरीवाले? छापखाना?"

"त्यांचं ते बघतील."

उज्ज्वलाच्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली रांग आली. पहाटेची पहिली गाडी, केसपेपर, बाकड्यावरचं बसणं, हे सगळं आता आयुष्यभर. समोरच्या कागदावर सही केली की त्यातलं काहीच करावं लागणार नव्हतं. तिनं दार उघडलं आणि बाहेर हाक मारली. "सगळ्या आत या."

कर्णिक म्हणाले, "ताई, हे तुमच्यापुरतं होतं."

"माझ्यापुरतं काय बी नसतंय, साहेब. पेटीच तशी बसवलीय तुमी."

तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग हिरा म्हणाली, "घेऊया की, उज्जाक्का. आपलं सगळं होतंय की. गावाचा ठेका घेतलाय का आपण?"

"तसं बी म्हणता येतंय," उज्ज्वला म्हणाली. हिराला ती रागावली नाही. "पण बेकरीतला माणूस गेल्या आठवड्यात दवाखान्यात पोचला. आपण गप बसलो असतो तर पोचला नसता. संगीता, तू बोल. सगळ्यांत जास्त तुझं जातंय."

संगीतानं जीभ खालच्या हिरड्यांवरून फिरवली. "दातांवाचून इतकी वर्षं भाकरी खाल्लीच की मी. पाण्यात कुस्करून खातो."

मार्था म्हणाली, "माझ्या डोळ्याला अजून दिसतंय. नको असलेलं बी दिसतंय." आणि तिनं कर्णिकांकडे बघितलं.

सगळ्यांच्या नजरा सुहासकडे वळल्या. कागद त्याच्याच पुढ्यात होता. त्यानं तो वाचून संपवला, घडी घातली आणि कर्णिकांच्या बाजूला सरकवला.

"माझी सही लागते ना? मिळणार नाही," तो म्हणाला. "आणि साहेब, तुम्ही मला फोनवर जे सुचवलं होतंत, ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. यापुढे विचारेल त्याला मी सांगेन."

मार्चअखेर योजना बंद झाली. पेटी काढायला आलेल्या माणसानं चष्मेही परत मागितले, काडीत यंत्र होतं म्हणून. मार्थानं नाक पुढं केलं. "काढून न्या," ती म्हणाली. त्याचा हात काही उचलला गेला नाही. तो पेटी तेवढी घेऊन गेला.

याची किंमत मोजावी लागली. संगीताचा खालचा जबडा तसाच राहिला. मार्थाचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर एका शिबिरात झालं, तोवर टेबलावर तिच्या वाटणीची प्रतवारी उज्ज्वलाच करायची. पण सुहासनं, बेकरीवाल्यानं आणि छापखान्यानं मिळून विमा नियामकाकडे तक्रार घातली. ज्या अंदाजावर विमा नाकारता, त्याच अंदाजावर उपचारही द्या, एवढीच मागणी. सुनावणीची तारीख लागली. कंपनीच्या वकिलांनी दोनदा पुढं ढकलली. दर वेळी तक्रारदारांत नवी नावं वाढत होती. पिवळा दिवा लागलेल्या ठिकाणांहून उज्ज्वलाला रविवारची बोलावणी यायला लागली, कधी चंदगडहून, कधी भुदरगडहून.

अशाच एका रविवारी उज्ज्वला तपासणीचा अहवाल पिशवीत घालून गडहिंग्लजला उतरली. महादेवनं तिला स्टँडवरून शिवणकामाच्या कारखान्यापर्यंत सोडलं. "किती वेळ लागंल?" त्यानं विचारलं.

"त्या किती भांडतात त्याच्यावर हाय."

तो रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्याकडे गेला. संगीता आधीच्या गाडीनं येऊन पायरीवर बसली होती आणि कारखान्यातल्या दोघींना काहीतरी सांगून हसवत होती. आत शिवणयंत्रं बंद होती. बायका आपापल्या स्टुलांवर अवघडून बसल्या होत्या, एकमेकींपासून जरा अंतर ठेवून. ते अंतर उज्ज्वलाच्या ओळखीचं होतं.

"किती जणी हाय?"

"नऊ," एक मुलगी म्हणाली. विशीतली असेल. गळ्यात मापाची टेप तशीच होती.

"मालक धरून?"

मुलीनं काचेच्या खोलीकडे बघितलं. "न्हाई."

"मग त्यास्नी बी बोलवा. ते बी गटातच हायत."

मुलगी हलली नाही. टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "आणि माझं नाव निघालं तर?"

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. पायरीवरची संगीताही हसायची थांबली. उज्ज्वलानं मुलीजवळचं रिकामं स्टूल ओढलं आणि तिच्या समोर बसली.

"तर तुला ह्या आठवड्यात कळंल," ती म्हणाली. "कंपनीच्या मशिनला कवाच कळलंय."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं गळ्यातली टेप काढून यंत्रावर ठेवली, आणि काचेच्या खोलीचं दार वाजवायला गेली.